ऐकणारा समजून घेतो की अडून बसतो?

प्रश्न एका मुलीचा आहे. ती फोंड्याजवळ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती विचारते: ‘मॅडम, पहिल्या वर्षी आम्हाला सी शिकवलं, दुसऱ्या वर्षी जावा, आता प्लेसमेंटला येणारे सगळे पायथॉन मागतात. घरी आजी कोंकणी बोलते, मराठी वाचते आणि मधूनच पोर्तुगीज शब्द टाकते. प्रोग्रामिंगच्या भाषा माणसांच्या भाषांसारख्या आपोआप बदलतात का, की कोणीतरी ठरवून बदलतं? आणि यातली कुठली शिकले तर वाया जाणार नाही?’

१९९८ साली मी डिचोलीकडच्या एका खाण कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागले. वायटूकेचे दिवस होते, म्हणजे २००० साल उजाडलं की कॉम्प्युटर दोन आकडी साल चुकीचं वाचतील या भीतीचे. कामगारांच्या पगाराचा प्रोग्राम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सिस्टिममध्ये होता आणि त्यातलं दोन आकडी साल चार आकडी करायचं, एवढंच माझं काम. तो लिहिणारे गृहस्थ निवृत्त होऊन घरी बसले होते. त्या टेबलांत रकान्याचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नसे, म्हणून नावं सगळी आखूड, अर्धी इंग्रजी आणि अर्धी कोंकणी. पाळीच्या रकान्यात १, २, ३ असायचे. मधूनच एखादा ९ दिसायचा. पाळ्या तीन, मग ही नववी कुठली? कचरा समजून मी तो साफ केला.

डिसेंबरचा पगार झाला आणि जेटीवरची माणसं दारात उभी राहिली. ३ डिसेंबरला, म्हणजे जुन्या गोव्याच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला), बार्ज भरायला आलेल्यांचा दुप्पट पगार गायब झाला होता. ९ म्हणजे फेस्त. हे कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. ते गृहस्थ आणि जेटीवरचा मुकादम, या दोघांनाच ठाऊक होतं.

मी ९ परत घातला. मग गंमत सुरू झाली. आधी तो फक्त फेस्ताला लागायचा, नंतर शिगम्याला, मग निवडणुकीच्या सुट्टीला, शेवटी दुप्पट पगाराच्या कुठल्याही दिवसाला. फॉक्सप्रो गेलं, नवी सिस्टिम आली, तिच्यात सुट्टीसाठी वेगळा रकाना होता. तरी ९ तिथेही आला, कारण इतक्या वर्षांचा हिशेब त्याच्यावर उभा होता. पुढे तो कॉम्प्युटरमधूनही बाहेर पडला. मुकादम फोनवर विचारायचा, ‘बाय, फाल्यां णव आसा?’ उद्या सुट्टीचा पगार आहे का, असं त्याला विचारायचं असे. त्याच्या हाताखालच्या पोरांनी फॉक्सप्रो कधी पाहिलं नव्हतं, पण ‘नऊ’ हा शब्द त्यांचा झाला होता.

तुझ्या पहिल्या प्रश्नावर मी हीच गोष्ट सांगते. ९चा अर्थ फेस्तापासून सुट्टीपर्यंत पसरला, तो कोणी ठरवून पसरवला नाही. माणसं वापरत गेली. पण ९ काढून टाकायचं म्हटलं तेव्हा ते कोणाच्याच हातात राहिलं नव्हतं.

पुस्तकी उत्तर असं की माणसांची भाषा आपोआप बदलते आणि प्रोग्रामिंगची भाषा समिती बसून बदलते. हे अर्धंच खरं. खरा फरक मला ऐकणाऱ्यात दिसतो. तुझ्या आजीने पुण्याहून आलेल्या नातवाला ‘जनेल धांप’ म्हटलं, तर तो क्षणभर थांबेल, तिचा हात कुठे आहे ते बघेल आणि खिडकी लावेल. चार दिवसांनी तोच ‘जनेल’ म्हणायला लागेल. ऐकणाऱ्याने समजून घेतलं म्हणून शब्द आत आला. तोच मुलगा सीच्या एका ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरला, तर कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्रासाठी उलथवून देणारा प्रोग्राम, काय करतो? तिथे अर्धविराम हवा होता हे त्याला कळलेलं असतं, तसं तो सांगतोही, पण स्वतः लावून घेत नाही. कचेरीतल्या कारकुनासारखा तो कागद परत करतो.

ऐकणारा समजून घेणारा असेल तर बदल फटीतून झिरपतो. ऐकणारा अडून बसणारा असेल तर बदलाला तारीख लागते, ठराव लागतो आणि भांडण लागतं. आता हे दोन्ही बाजूंनी बघू. माणसांच्या बाजूचा माल गोव्यात भरपूर आहे, त्यामुळे तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

पगार हाच शब्द घे. पोर्तुगीजमध्ये हे क्रियापद आहे, अर्थ ‘पैसे देणे’. मालक ज्याला देणं म्हणतो त्याला कामगाराने हातात पडलेली रक्कम म्हटलं, आणि क्रियापदाचं नाम झालं. आता आपण ‘पगार देणे’ म्हणतो, म्हणजे मुळाच्या हिशेबाने ‘देणे देणे’. कोणाचं काही अडत नाही. तुरुंगाचं मूळ ओंडका आहे. कैद्याचे पाय ज्या लाकडात अडकवायचे ते लाकूड. पुढे त्या लाकडाभोवतीच्या अख्ख्या इमारतीला तेच नाव पडलं. बटाटा तर कॅरिबियन बेटांवरून, रताळ्याचं नाव घेऊन निघाला आणि पोर्तुगिजांच्या गलबतातून इथे येऊन वेगळ्याच कंदाला चिकटला. चावी, पाव, बालदी, लिलाव, घमेलं, अननस, पपई, नाताळ ही सगळी त्याच वाटेने आलेली मंडळी. बार्देशातल्या आसगावात १८५५ साली जन्मलेल्या सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद यांनी असे शब्द आशियातल्या भाषाभाषांतून वेचून १९१३ साली त्यांचा जाडजूड कोश छापला. मराठीत किती पोर्तुगीज आहे याची यादी करायला एक गोंयकार पाद्री बसला, हे मला नेहमी शोभून दिसतं.

शब्द आत येतात, पण दारात त्यांची झडती होते. मराठीत परक्या क्रियापदाला सहसा सरळ प्रत्यय लागत नाही. ‘डाउनलोडलं’ असं आपण म्हणत नाही, ‘डाउनलोड केलं’ म्हणतो. फोन केला, रिचार्ज केलं, डिलीट झालं. करणे आणि होणे हे दोन द्वारपाल आहेत. बाहेरचं काही आलं की तेच त्याला काळ आणि लिंग घालून आत आणतात. प्रोग्रामर याला रॅपर म्हणतील. परक्या लायब्ररीला, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडला, आपण स्वतःच्या फंक्शनमध्ये गुंडाळून घेतो, ते अगदी हेच. नामांची झडती लिंगावरून होते. बस गाडीसारखी म्हणून ती, ट्रक मात्र तो. माझ्या टीममध्ये पेडण्याचा मुलगा ‘तो फाईल’ म्हणायचा आणि सोलापूरची मुलगी ‘ती फाईल’, आणि दोघं एकमेकांना हसायची. कोड दोघांचाही चालायचा.

आता जरा खोल उतरू. मराठीत भूतकाळ करायचा नियम सोपा आहे, धातूला ‘ला’ लाव: बसला, चालला, पडला. मग करणेचं ‘करला’ का होत नाही? जाणेचं ‘जाला’ का नाही? आपण म्हणतो केला, गेला, मेला, आला, झाला. यातले केला, गेला, मेला थेट संस्कृतच्या कृत, गत, मृत या रूपांतून झिजत आले आहेत. क्वचित वापरला जाणारा धातू लोक विसरतात आणि मग त्याला नेहमीचा नियम लावून मोकळे होतात. पण ‘केला’ दिवसातून शंभरदा कानावर पडतो. त्याला विसरायला उसंत कुठे मिळणार? म्हणून कुठल्याही भाषेतले सगळ्यात वाकडे शब्द हे सगळ्यात जास्त वापरातले असतात. नवशिक्याला हा अन्याय वाटतो, पण यंत्र तसंच चालतं.

तुझी आजी ‘गेलो, केलो, मेलो’ म्हणत असेल. मराठीत आणि कोंकणीत तोच वाकडेपणा, त्याच शब्दांत. दोन मुलांनी परीक्षेत बरोबर उत्तर लिहिलं तर काहीच सिद्ध होत नाही. दोघांनी एकच चूक एकाच जागी केली तर मास्तरांना कळतं. मराठी आणि कोंकणी कोणी कोणाची, हा वाद मी इथे काढणार नाही, त्यात आमच्या घरची दोन जेवणं थंड झाली आहेत. पण या रूपांवरून एवढं दिसतं की फाटा फुटायच्या आधीपासूनच ती दोघींच्या सामायिक घरात होती.

हीच पद्धत प्रोग्रामिंगला लाव. सीमध्ये एखाद्या संख्येतला ठरावीक बिट, म्हणजे तिच्या आतला एखादा ० किंवा १, तपासताना एकेरी अँडचं चिन्ह (&) वापरतात. आपल्याला म्हणायचं असतं, ‘आधी बिट काढ, मग शून्याशी ताडून बघ.’ कंस घातला नाही तर सी उलट करतं, आधी ताडतं आणि मग बिट काढतं. तू पहिल्या वर्षी यावर मार्क घालवले असशील. असं का, तर सीच्या आधीच्या बी भाषेत बिटांचं अँड आणि तर्कातलं ‘आणि’ अशी दोन्ही कामं हे एकच चिन्ह करायचं. १९७२च्या सुमारास डेनिस रिची यांनी बीपासून सी घडवताना तर्कासाठी वेगळं दुहेरी चिन्ह आणलं, पण हाताशी असलेला जुना कोड मोडू नये म्हणून एकेरी चिन्ह जुन्याच पायरीवर, म्हणजे कुठलं चिन्ह आधी सोडवायचं त्या क्रमातल्या जुन्याच जागी, राहू दिलं. ते हलवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. मग जावा आली, जावास्क्रिप्ट आली, सी शार्प आली. तिघींनी सीची वळणं घेतली, सोबत ही चूकही घेतली. पायथॉन, गो आणि रस्ट यांनी ती दुरुस्त केली. उद्या कोणी सगळ्या भाषांचा इतिहास पुसून टाकला, तरी ही एक पायरी बघून कोण कोणाच्या घरातली हे मी सांगू शकेन.

अशी गोष्ट एकच नाही. मेक हे प्रोग्राम बांधायचं साधन बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलं. त्यात आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते, स्पेस चालत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. हे त्रासाचं आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं, पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते आणि त्यांची गैरसोय करायला त्यांचं मन होईना. डझनभर! जगभरचे प्रोग्रामर आजही त्या डझनभर मित्रांचा मान राखून टॅब दाबतात. वेबवर एका पानावरून दुसऱ्यावर गेल्यावर ‘कुठून आलास’ हे सांगणारी एक ओळ जाते. तिच्या इंग्रजी नावात (referrer) चार ‘आर’ हवेत, प्रस्ताव लिहिणाऱ्याकडून तीनच पडले (referer). १९९६च्या नियमपत्रात ते तसंच छापलं गेलं आणि आज ते बरोबर लिहिलं तर चुकतं.

अडून बसणारा ऐकणारा जुन्याचं असं करतो. माणूस काय करतो ते अनुस्वारात बघ. आमचे बाबा शेवटपर्यंत ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘कां’ असं लिहीत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. प्रोग्रामरच्या भाषेत डेप्रिकेट केले म्हण, म्हणजे ‘आता हे वापरू नका’ असं जाहीर केलं. शाळेत आम्ही ‘नाव’ शिकलो, बाबा ‘नांव’ लिहीत राहिले, आणि आमचा पत्रव्यवहार काही अडला नाही. ऐकणारा समजून घेणारा होता. उलट फायदाच झाला. पूर्वी ‘घरांत’ म्हणजे एका घरात की अनेक घरांत ते मागच्यापुढच्यावरून ओळखावं लागे. आता अनुस्वार असेल तर घरं अनेक.

पण महाराष्ट्रात जो अनुस्वार उच्चारात नाही म्हणून गेला, तो इथे कोंकणीत नाकातून स्वच्छ ऐकू येतो. ‘देव बरें करूं’ म्हणताना आजीचं नाक दोनदा वाजतं, लक्ष देऊन ऐक. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ असं कोरलेलं आहे. मराठीवाले त्याला आपलं म्हणतात आणि कोंकणीवालेही आपलं म्हणतात. दोन्ही शब्दांच्या शेवटी तो अनुस्वार आहे. एका फाट्याने काढून टाकलेली सोय दुसऱ्या फाट्याने ठेवली, एवढाच मामला.

आता ठरावाने भाषा बदलण्याकडे वळते, कारण तुझा दुसरा प्रश्न तोच आहे. गोव्यात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. १६८४ साली पोर्तुगीज विजरईने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. १९६१ साली पोर्तुगीज गेले, तेव्हा लोक कोंकणीतच बोलत होते. फर्मानाने कागद बदलतो, तोंड बदलत नाही. जवळजवळ त्याच काळात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. अडीचशे वर्षांनी सावरकरांनी तीच मोहीम पुन्हा चालवली. त्यांचे महापौर आणि दिनांक रुजले. पण कुठे रुजले ते बघ. मी अर्जावर दिनांक लिहिते आणि तोंडाने ‘आज तारीख काय’ विचारते. आणि ज्यावर दिनांक लिहिते तो अर्जही फारशीतूनच आलेला.

यंत्राच्या बाजूला फर्मान चालतं, पण स्वस्तात चालत नाही. पायथॉनचे कर्ते गीदो फान रोसम यांनी डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ काढलं आणि जाणूनबुजून जुन्याशी फारकत घेतली. सगळ्यांना दिसलं ते एवढंच की प्रिंटला आता कंस लागतो. खरी ठेच अक्षरांची होती. पायथॉन २ मध्ये मजकूर आणि नुसते बाइट, म्हणजे यंत्र साठवतं ते कच्चे आकडे, एकमेकांत मिसळून चालायचे, इंग्रजीत कोणाला कळायचंही नाही. आमच्या डेटामध्ये देवनागरी नावं होती, त्यामुळे आम्हाला मात्र रोज कळायचं. हे नवीन पायथॉनने नीट केलं. तरी पायथॉन २ला शेवटचा निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडलं. म्हणजे अकरा वर्षं दोन पायथॉन शेजारीशेजारी नांदली. माझ्या आयुष्यातले सात महिने निव्वळ या भाषांतरात गेले, आणि त्यात एकही नवी सोय मी बांधली नाही.

पर्ल नावाच्या भाषेच्या सहाव्या आवृत्तीचं तर नावच बदललं. पर्लचे कर्ते लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेले, माणसांच्या भाषेसारखी वाकणारी भाषा करायची असं म्हणणारे. पर्ल ६ची घोषणा २००० साली झाली, ती हातात आली २०१५ साली, तोवर मंडळी पायथॉनच्या बसमध्ये चढून गेली होती. २०१९ साली पर्ल ६चं नाव बदलून राकू ठेवलं.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात चांगला पुरावा मात्र वेब आहे. वेबच्या पानाची भाषा, एचटीएमएल, वाचणारा ब्राउझर जन्मापासून समजून घेणारा निघाला. टॅग, म्हणजे मजकुराभोवतीची खूण, बंद केला नाही? चालेल. उलटसुलट बंद केला? अंदाजाने लावून घेतो. मग झालं काय, तर यंत्राची ही भाषा बाजारातल्या भाषेसारखी वाढली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चार भाषांची मोडतोड करून चवळीचा भाव ठरतो, तशी लोकांनी पानं लिहिली. हे पाहून व्याकरणवाल्यांना घाम फुटला. २००० साली त्यांनी एक्सएचटीएमएल आणलं, काटेकोर, एक चूक झाली तरी पान दिसू नये अशा विचाराचं. लोकांनी नाव नवं लिहिलं आणि सवयी जुन्याच ठेवल्या. त्याची दुसरी आवृत्ती २००९ साली गुंडाळली. मग एचटीएमएल ५ वाल्यांनी शहाणपणा केला: चुकीचं लिहिलं तर ब्राउझरने नेमका काय अंदाज करायचा, तेच नियमात लिहून टाकलं. चुकांचं व्याकरण! आमच्या शुद्धलेखनवाल्यांनी हे अजून मनावर घेतलेलं नाही.

समजून घेणाऱ्या ऐकणाऱ्याचा एक तोटाही आहे. जावास्क्रिप्टमध्ये यादीतली यादी सपाट करायची एक सोय भाषेतच द्यायची असं ठरलं. ‘फ्लॅटन’ हे सरळ नाव होतं. पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने हे नाव आधीच स्वतःसाठी वापरलं होतं, आणि ती बसवलेली जुनी पानं अजून लोक उघडत होती. २०१८ साली बरीच चर्चा झाली आणि नाव ‘फ्लॅट’ ठेवलं. तू उद्या परीक्षेत ‘फ्लॅट’ लिहिशील, ते कोणीतरी केव्हातरी केलेल्या आणि विसरून गेलेल्या पानांसाठी.

वापरणारे जुन्याला कसे धरून बसतात हे गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागू नये. आपल्याकडे लग्न आणि मालमत्तेचा जो कायदा चालतो त्याचं मूळ १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. पोर्तुगालने स्वतः १९६६ साली नवी संहिता केली आणि जुनी सोडली. तोवर गोवा त्यांच्या हातून सुटला होता, त्यामुळे ते अपडेट आपल्यापर्यंत पोचलंच नाही. वारसाहक्काचा भाग गोव्याने २०१२च्या कायद्याने आपला आपण नव्याने लिहिला. बाकी बरंचसं, ज्या देशाने लिहिलं त्याने टाकून दिलेलं, इथे रोज चालू आहे. बँकांमधलं कोबोल असंच चालतं. त्याला मेलेली भाषा म्हणणाऱ्यांना मी सांगते, महिन्याच्या एक तारखेला पैसे कुठून येतात ते आधी विचारा.

आता तुझा तिसरा प्रश्न, कुठली शिकायची. मी याला फार मोठा प्रश्न मानत नाही. प्लेसमेंटला पायथॉन मागतात तर पायथॉन शिक, त्यात लाज कसली. सी विसरू नकोस, कारण बाकीच्यांच्या वाकडेपणाचं कारण तिच्यात सापडतं. आणि एक अशी शीक जिचं घराणंच वेगळं आहे, १९५८च्या लिस्पच्या वंशातली एखादी. शिकताना वैताग येईल. तो वैताग आला की समज, वाक्याची रचना बदलते आहे.

कारण शब्द बदलणं सोपं असतं आणि रचना बदलणं अवघड. रायगड जिल्ह्यात चौलजवळ कोर्लई नावाचं गाव आहे. पोर्तुगीज तिथून १७४० साली गेले, पण तिथले ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीजपासून झालेली स्वतःची बोली बोलतात. ‘नौ लिंग’ म्हणतात तिला, म्हणजे आपली भाषा. शब्द पाहिलेस तर बहुतेक पोर्तुगीज. पण पोर्तुगीजमध्ये क्रियापद मधे येतं आणि कोर्लईत ते शेवटी जाऊन बसलं, मराठीसारखं. शेजारची मराठी आतून पोखरत गेली आणि वरचा रंग तसाच राहिला. तुमच्या वर्गातली मुलं पायथॉन लिहितात तेव्हा मला कोर्लई दिसते. शब्द पायथॉनचे आणि सांगाडा जावाचा: एवढ्याशा कामाला क्लास नावाचा अख्खा साचा, प्रत्येक किमतीला वाचायचं एक आणि लिहायचं एक फंक्शन. चालतं, पण ऐकणाऱ्याला कळतं की माणूस कुठून आला.

शेवटी, प्रश्नाच्या तळटीपेत तू विचारलं आहेस की देवनागरीत प्रोग्राम लिहिता येईल का. पायथॉन ३ मध्ये थोडाफार येतो. व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायच्या डब्याचं, नाव ‘पगार’ ठेवून बघ, निमूट चालेल. ‘तऱ्हा’ ठेवलंस तर मात्र जपून. तुझ्या कीबोर्डने तो ‘ऱ्ह’ साध्या र मागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून काढला असेल तर पायथॉन अडेल; डोळ्यांना काहीच दिसणार नाही, टॅबसारखंच. आकड्यांचं तर आणखी मजेशीर आहे. प्रोग्रामच्या ओळीत थेट ९ लिहिलास तर तो चूक म्हणून परत येईल, इंग्रजी आकडाच हवा. पण तोच ९ अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून दे आणि त्याची संख्या करायला ‘इंट’ फंक्शनला सांग. ते मुकाट्याने नऊ करून देतं. एकाच भाषेत दारावरचा अडून बसतो आणि आतला समजून घेतो. आमच्या जेटीचा डेटा मी असाच वाचते, त्यातले फेस्ताचे नऊ धरून.